सांबावर पिक्चर काढायला ब्राझीलला गेला, आणि ऑर्सन वेल्सचं हॉलिवूडमधलं गणितच बिघडलं

एखाद्या सिनेमावेड्या मित्राला विचारून बघा, जगातला सगळ्यात भारी पिक्चर कोणता? तो दोन-तीन नावं घेईल आणि त्यात 'सिटिझन केन' बहुतेक असेलच. १९४१ साली आलेला हा सिनेमा समीक्षकांच्या एका जगप्रसिद्ध यादीत १९६२ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे तब्बल ५० वर्षं, पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसला होता.

त्याच्या लिखाणात वाटा असलेला, तो दिग्दर्शित करणारा आणि वर त्यात मुख्य भूमिका करणारा गडी तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. नाव ऑर्सन वेल्स.

आता साहजिक प्रश्न पडतो. ज्याने पंचविशीत असा सिनेमा काढला, त्याने पुढच्या ४० वर्षांत काय केलं? तर अर्धवट राहिलेले सिनेमे, स्टुडिओने कात्री लावलेले सिनेमे आणि पैशासाठी केलेल्या वाइनच्या जाहिराती. मधेमधे चमकून गेलेली काही अफाट कामंही आहेत, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कपाळावरचा शिक्का. हा माणूस हुशार आहे, पण हातात घेतलेलं काम पूर्ण करत नाही.

हा शिक्का बसला कुठे? रिओ दि जानेरोमध्ये, १९४२ साली, सांबावरचा सिनेमा करताना. तीच ही गोष्ट.

पियानो वाजवणाऱ्या आईचा पोरगा

ऑर्सनचा जन्म ६ मे १९१५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावचा. वडील रिचर्ड वेल्स यांनी सायकलच्या दिव्यांच्या धंद्यात चांगला पैसा कमावला होता. आई बिअट्रिस पियानो वाजवायची. घरात गाण्याबजावण्याचं वातावरण होतं आणि पोरगाही लहानपणापासून संगीतात रमलेला.

पण १९२४ साली, ऑर्सनला नऊ वर्षं पूर्ण होऊन काही दिवस होतात न होतात तोच आई गेली. वडिलांना दारूचं व्यसन होतं. ऑर्सन १५ वर्षांचा असताना तेही गेले. आईच्या मागे त्याचं वाजवणं सुटलं ते सुटलंच. त्याला सावरलं ते इलिनॉयमधल्या वुडस्टॉकच्या शाळेने आणि तिथले शिक्षक रॉजर हिल यांनी. नाटकाचं वेड तिथेच लागलं.

वयाच्या सोळाव्या वर्षी हा पठ्ठ्या आयर्लंडला पोहोचला. डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये जाऊन आपण न्यूयॉर्कचे मोठे नट आहोत अशी थाप मारली आणि काम मिळवलं, असं तो पुढे स्वतःच रंगवून सांगायचा. थापेचं काहीही असो, काम मात्र खरंच मिळालं आणि त्याने ते करूनही दाखवलं.

१९३६ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' बसवलं. पण कुठे, तर हार्लेममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. सगळे नट कृष्णवर्णीय, कथा स्कॉटलंडवरून उचलून थेट हैतीसारख्या एका बेटावर नेलेली आणि रंगमंचावर आफ्रिकेतून आलेले ढोलवादक. ज्या देशात त्या काळी अनेक ठिकाणी गोऱ्यांचे आणि काळ्यांचे बसायचे बाकडेसुद्धा वेगळे होते, तिथे एका २० वर्षांच्या गोऱ्या पोराने केलेला हा उद्योग. पहिल्या प्रयोगाला एवढी गर्दी झाली की रस्ता बंद पडला.

हे हार्लेम आणि ते ढोल लक्षात ठेवा. सहा वर्षांनी रिओत तेच पुन्हा येणार आहेत.

१९३८ साली त्याने रेडिओवर मंगळावरून परग्रहवासी हल्ला करतात असं नाटक बातम्यांच्या थाटात सादर केलं. काही ऐकणारे खरोखर घाबरले आणि वर्तमानपत्रांनी ती घबराट आणखी फुगवून छापली. एका रात्रीत ऑर्सन वेल्स हे नाव देशभर झालं. लगेच १९३९ साली आरकेओ नावाच्या हॉलिवूड स्टुडिओने त्याच्याशी करार केला. त्यात सिनेमाची शेवटची कापाकापी दिग्दर्शकाच्या हातात राहील अशी अट होती. एकही सिनेमा न काढलेल्या पोराला असं स्वातंत्र्य मिळतं म्हटल्यावर हॉलिवूडमधल्या जुन्या खोडांच्या पोटात दुखणारच.

त्या स्वातंत्र्यातूनच 'सिटिझन केन' झाला. वर्तमानपत्रांचा बादशहा विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याला तो सिनेमा आपल्यावरच काढलाय असं वाटलं आणि त्याने आपल्या सगळ्या पेपरांतून सिनेमाची कोंडी केली. ऑस्करची ९ नामांकनं मिळाली, पदरात एकच बाहुली पडली, तीही पटकथेची आणि हर्मन मॅन्कविट्झसोबत वाटून घ्यायची. कौतुक उदंड झालं, पण आरकेओच्या गल्ल्यात पैसे पडले नाहीत.

जॅझ ठरला होता, सांबा झाला

१९४१ साली वेल्सच्या डोक्यात एक वेगळाच सिनेमा घोळत होता. नाव 'इट्स ऑल ट्रू', म्हणजे हे सगळं खरं आहे. एकाच सिनेमात तीन-चार खऱ्या गोष्टी. त्यातली एक मेक्सिकोतल्या मुलाची आणि त्याच्या लाडक्या बैलाची. दुसरी जॅझ संगीताच्या इतिहासाची. तिच्यात लुई आर्मस्ट्राँग असणार होता आणि ड्यूक एलिंग्टनला कामावरही घेतलं होतं.

तेवढ्यात डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. आता दक्षिण अमेरिकेतले देश हिटलरच्या बाजूला झुकू नयेत ही अमेरिकी सरकारची गरज झाली. त्यातही ब्राझील महत्त्वाचा, कारण देश अवाढव्य आणि आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांसाठी त्याचा किनारा मोक्याचा.

लॅटिन अमेरिकेशी मैत्री वाढवण्यासाठी सरकारने एक खातं काढलं होतं. त्याचा प्रमुख होता नेल्सन रॉकफेलर, आणि या गड्याचे आरकेओमध्येही हितसंबंध होते. या खात्याने वेल्सला गळ घातली की ब्राझीलला जा, रिओच्या कार्निव्हलवर सिनेमा काढ, देशाची सेवा होईल. नुकसान झालं तर सरकार ३ लाख डॉलरपर्यंत भरून देणार होतं. वेल्सने या कामाचा पगार घ्यायचा नाही असं ठरलं. तो तयार झाला.

अडचण एवढीच होती की त्याचा दुसरा सिनेमा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' अजून संकलनाच्या टेबलावर होता. संकलक रॉबर्ट वाइज सिनेमा घेऊन मागोमाग रिओला येईल आणि तिथे बसून शेवटची कापाकापी करू, असं ठरवून वेल्स विमानात बसला. पण युद्धामुळे नागरिकांच्या प्रवासावर बंधनं आली. वाइज काही रिओला पोहोचला नाही. मग तारा आणि फोनवरून संकलन सुरू झालं. आजच्या व्हिडिओ कॉलच्या जमान्यातही जे अवघड जाईल, ते १९४२ साली चाललं होतं.

जॅझची जागा सांबाने घेतली, पण वेल्सच्या दृष्टीने विषय बदललेलाच नव्हता. जॅझ आणि सांबा दोन्ही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी घडवलेलं संगीत. दोन्ही आधी हिणवले गेले आणि नंतर डोक्यावर घेतले गेले.

चार रात्रींचा धुमाकूळ

८ फेब्रुवारी १९४२ ला वेल्स रिओत उतरला. कार्निव्हल होता १४ ते १७ फेब्रुवारी. म्हणजे तयारीला हातात एक आठवडासुद्धा नाही.

ईस्टरच्या आधी ४० दिवसांचे उपास सुरू होतात, त्यापूर्वी मनसोक्त खाऊन, पिऊन, नाचून घ्यायचं, हा कार्निव्हलचा मूळ हिशेब. पोर्तुगीज ही प्रथा ब्राझीलला घेऊन गेले तशीच गोव्यालाही घेऊन आले. त्यामुळे पणजीचा कार्निव्हल बघितलेल्यांना अंदाज येईल. फक्त तो कैक पटींनी मोठा करा आणि त्यात सांबाचे ढोल मिसळा.

कार्निव्हलला पटकथा नसते. गर्दी कुठे वळेल, कोण कुठे नाचायला लागेल, कोणालाच माहीत नसतं. त्यात टेक्निकलरचे अजस्र कॅमेरे आणि त्यांना लागणारा भरमसाठ उजेड. रात्रीच्या शूटिंगसाठी शेवटी लष्कराचे सर्चलाइट मागवावे लागले. शत्रूची विमानं शोधण्यासाठी असलेले दिवे नाचणाऱ्या माणसांवर रोखले गेले.

चार दिवसांत फिल्मची रिळांमागून रिळं भरली. स्टुडिओतून आलेल्या मंडळींना वाटलं, झालं काम, आता दोन-चार सुंदर बंगले, एक समुद्रकिनारा आणि एक हसरी नटी घेतली की निघू. वेल्सच्या मनात मात्र वेगळंच सुरू होतं. हा ताल येतो कुठून, हे त्याला कळायला हवं होतं.

ताल शोधत डोंगरावर

त्याने ब्राझीलमधल्या लेखक-पत्रकारांना कामाला लावलं आणि सांबाच्या इतिहासाची टिपणं लिहून घेतली. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते पर्यटनाच्या पोस्टरवरचं नव्हतं.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८ साली, अमेरिका खंडांतल्या सगळ्या देशांच्या शेवटी. मोकळी झालेली हजारो माणसं बाहिया प्रांतातून रिओत आली आणि प्रासा ओन्झे नावाच्या चौकाच्या आसपास राहू लागली. याच वस्तीतल्या घरांच्या परसात सांबा वाढला. सुरुवातीला पोलीस या वाजवणाऱ्यांच्या मागे लागायचे. १९१७ च्या सुमारास पहिली सांबा रेकॉर्ड गाजली, १९२० च्या दशकाच्या शेवटी सांबा स्कूल नावाची मंडळं उभी राहिली आणि १९३२ साली त्यांची पहिली स्पर्धा झाली तीही याच चौकात. हीच माणसं पुढे शहरातून ढकलली जात डोंगरउतारांवरच्या झोपडपट्ट्यांत, म्हणजे फावेलांमध्ये, गेली होती.

१९४२ च्या कार्निव्हलमध्ये सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक या चौकाबद्दलच होतं. कारण सरकार नवीन रुंद रस्ता काढण्यासाठी प्रासा ओन्झे पाडत होतं. म्हणजे सांबा ज्या अंगणात खेळला तेच अंगण जात होतं, आणि त्याच सुमारास सरकार सांबाला देशाची शान म्हणून मिरवतही होतं. गाणं रचलं होतं हेरिव्हेल्टो मार्टिन्स आणि ग्रान्दे ओतेलो यांनी.

वेल्सने दोघांनाही सोबत घेतलं. मार्टिन्स त्याचा वाटाड्या झाला. ठेंगणा, कृष्णवर्णीय, अफलातून टायमिंगचा विनोदी नट ग्रान्दे ओतेलो कॅमेऱ्यासमोर आला. जो चौक पाडला जात होता तो वेल्सने सिनेदिया नावाच्या स्टुडिओत पुन्हा उभा केला आणि तिथे सांबावाल्यांना नाचवलं. आणि स्वतः कॅमेरा घेऊन फावेलांमध्ये चढला.

तक्रारींची पत्रं

इथून चक्रं उलटी फिरायला लागली.

ब्राझीलमध्ये तेव्हा जेतुलिओ व्हार्गासची हुकूमशाही होती. प्रचारासाठी स्वतंत्र सरकारी खातं होतं. जगासमोर आधुनिक, देखणा, प्रगत ब्राझील यावा अशी त्यांची अपेक्षा. झोपडपट्टी आणि त्यात नाचणारी गरीब काळी माणसं त्या चित्रात बसत नव्हती. तिथल्या काही पेपरांनीही नाराजी छापायला सुरुवात केली.

वेल्सच्या स्वतःच्या गोटातही तेच. आरकेओने पाठवलेला प्रॉडक्शन मॅनेजर लिन शोअर्स याला हे शूटिंग अजिबात पसंत नव्हतं. काळ्या माणसांचंच एवढं चित्रण कशाला, अशा आशयाच्या तक्रारी तो हॉलिवूडला कळवत राहिला. एवढ्यावर न थांबता त्याने वेल्सच्या पाठीमागे ब्राझीलच्या प्रचार खात्यालाही हे लिहून कळवलं.

वेल्सची चूक नव्हती असं नाही. पक्की पटकथा नव्हती. एकाच वेळी तीन सिनेमांचा घाट घातलेला. रात्रीच्या पार्ट्या होत्या, भाषणं होती, रेडिओचे कार्यक्रम होते. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा यावा असंच हे काम होतं. पण पुढे ज्या अभ्यासकांनी स्टुडिओचे कागद तपासले, त्यांच्यापैकी कॅथरिन बेनामूसारख्यांनी दाखवून दिलं की उधळपट्टीची गोष्ट जितकी पसरली तितकी काही खरी नव्हती. कॅमेरा कोणाकडे वळलाय, हेही मोठं दुखणं होतं.

तिकडे १७ मार्चला कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावी 'अँबरसन्स' प्रेक्षकांना दाखवून बघितला. प्रेक्षक कंटाळले, काही चक्क हसले. आरकेओ घाबरलं. साधारण १३१ मिनिटांचा सिनेमा कापून ८८ मिनिटांचा केला, शेवट दुसऱ्यांकडून नव्याने शूट करून घेतला आणि कापलेले तुकडे नष्ट करून टाकले. वेल्स रिओतून लांबलचक तारा पाठवत राहिला. उपयोग शून्य. त्याला दाखवायला रिओला पाठवलेली प्रत तिथेच हरवली आणि सिनेमावेडे आजही ती शोधताहेत.

चार कोळी, एक तराफा

या सगळ्यात वेल्सच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून बसली होती. डिसेंबर १९४१ मध्ये त्याने 'टाइम' मासिकात ती वाचली होती.

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर फोर्तालेझा नावाचं शहर आहे. तिथले कोळी ओंडके जोडून केलेल्या, शिडाच्या तराफ्यावरून मासेमारी करायचे. या तराफ्याला म्हणतात जंगाडा. तराफा बहुतेक वेळा मालकाचा, त्यामुळे पकडलेल्या मासळीतला मोठा वाटा त्याच्याकडे जायचा. म्हातारपणी पेन्शन नाही आणि समुद्रात गेला तर घरच्यांना काही नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये चार कोळी अशाच एका तराफ्यावर बसले आणि थेट राष्ट्राध्यक्षांना गाऱ्हाणं सांगायला रिओला निघाले. जाकारे, ताता, जेरोनिमो आणि माने प्रेतो. अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर, होकायंत्र नाही, ६१ दिवस उघड्या समुद्रात. १५ नोव्हेंबरला ते रिओला पोहोचले तेव्हा शहर त्यांच्या स्वागताला लोटलं. व्हार्गासने त्यांना भेट दिली आणि कोळ्यांना पेन्शन योजनेत घ्यायचा हुकूम काढला. कागदावर तरी लढाई जिंकली होती. या चौघांचा म्होरक्या होता जाकारे, खरं नाव मानुएल ऑलिंपिओ मेइरा.

वेल्सने ठरवलं की कार्निव्हल आणि ही सफर एकाच सिनेमात गुंफायची. कष्ट करणारी माणसं समुद्रावरून येतात आणि शहराच्या नाचगाण्यात मिसळतात. चौघांना फोर्तालेझाहून बोलावून घेतलं आणि त्यांचं रिओत पोहोचणं पुन्हा शूट करायला सुरुवात झाली.

१९ मे १९४२ ला रिओच्या किनाऱ्याजवळ मोठ्या लाटेत तराफा उलटला. तिघे वाचले. जाकारे गेला.

जो माणूस ६१ दिवस समुद्राशी झुंजून आपल्या लोकांसाठी हक्क मागायला आला होता, तो सिनेमाच्या शूटिंगमध्ये किनाऱ्याच्या नजरेसमोर बुडाला. ब्राझीलच्या पेपरांनी वेल्सला धारेवर धरलं. आणि त्या दिवसापासून हा सिनेमा त्याच्यासाठी एक देणं होऊन बसला. जाकारेची गोष्ट पूर्ण करायची, एवढं एकच काम त्याला दिसत होतं.

१० हजार डॉलर आणि एक मुका कॅमेरा

आरकेओला मात्र हे प्रकरण आवरतं घ्यायचं होतं. जूनमध्ये वेल्सला पाठीशी घालणारा स्टुडिओचा अध्यक्ष जॉर्ज शेफर पायउतार झाला. नव्या साहेबांनी वेल्सच्या कंपनीला आपल्या आवारातल्या ऑफिसातून बाहेर काढलं. ब्राझीलमधलं बहुतेक युनिट परत बोलावलं.

वेल्सने हट्ट धरला. शेवटी त्याला साधारण १० हजार डॉलर, कृष्णधवल फिल्म आणि आवाज रेकॉर्ड न करणारा एक कॅमेरा एवढ्यावर फोर्तालेझाला जाऊ दिलं. सोबत माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. विश्वासू सहायक रिचर्ड विल्सन आणि मूळचा हंगेरीचा कॅमेरामन जॉर्ज फॅन्टो ही त्यातली महत्त्वाची नावं.

चार महिन्यांपूर्वी लष्कराचे सर्चलाइट मागवणारा माणूस आता सूर्याच्या उजेडावर काम करत होता. सेट नाही, नट नाहीत, संवाद नाहीत. मुकुरिपेच्या वाळूवर तिथल्याच कोळ्यांना, त्यांच्या बायकांना, म्हाताऱ्यांना घेऊन त्याने गोष्ट रचली. एका तरुण कोळ्याचं लग्न होतं. तो समुद्रात बुडतो. अख्खं गाव त्याला टेकडीवर पुरायला जातं. आणि मग चौघे तराफा पाण्यात ढकलतात. कॅमेरा जमिनीलगत, समोर उन्हाने रापलेले चेहरे आणि मागे फक्त आभाळ.

आज कोणी स्वतःच्या खिशातून, चार मित्रांना घेऊन, एक कॅमेरा उचलून डॉक्युमेंटरी काढायला निघतो तेव्हा नेमकं हेच करतो. जी माणसं गोष्ट जगली त्यांनाच समोर उभं करायचं, मिळेल त्या उजेडात शूट करायचं आणि पैसे संपायच्या आत काम उरकायचं. हॉलिवूडचा सगळ्यात लाडावलेला दिग्दर्शक हे काम अशा वाळूत शिकला. आणि विशेष म्हणजे इथलं शूटिंग त्याने पार पाडलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये तो अमेरिकेत परतला. रिळं आरकेओच्या ताब्यात होती. ती जोडायला पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं.

डबे सापडले, पण

त्याने लगेच हार मानली नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये रेडिओवर 'हॅलो अमेरिकन्स' ही मालिका सुरू केली आणि पहिला भाग ब्राझीलवर केला. कार्मेन मिरांडाला सोबत घेऊन सांबातली वाद्यं एकेक करून अमेरिकन श्रोत्यांना समजावून सांगितली. पडद्यावर जे दाखवता आलं नाही ते निदान कानावर घातलं. सिनेमाची रिळं आरकेओकडून विकत घ्यायचाही प्रयत्न केला, पण पैशाचं जमेना आणि तो सौदाही हातचा गेला.

पुढच्या आयुष्यात त्याला हॉलिवूडमध्ये काम मिळालं, पण 'सिटिझन केन'च्या वेळचा मोकळा हात पुन्हा कधी मिळाला नाही. मग त्याने फोर्तालेझाचाच रस्ता धरला. दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं करायची आणि ते पैसे स्वतःच्या सिनेमात घालायचे. 'ऑथेल्लो' त्याने असाच तुकड्या-तुकड्यांत, इटली आणि मोरोक्कोत फिरत पूर्ण केला. एकदा नटांचे कपडेच आले नाहीत, तर खुनाचा प्रसंग हमामखान्यात घेतला, कारण तिथे टॉवेलवर भागतं. हाच सिनेमा १९५२ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान वाटून घेऊन गेला. १९७० च्या दशकात शूट केलेला 'द अदर साइड ऑफ द विंड' मात्र लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं.

१९७१ साली हॉलिवूडने त्याला मानद ऑस्कर दिलं. सन्मान झाले, सिनेमासाठी पैसे मात्र कोणी पुढे केले नाहीत.

इकडे आरकेओ विकलं गेलं. त्याच्या गोदामातला माल या हातातून त्या हातात जात शेवटी पॅरामाउंटकडे पोहोचला. १९८० च्या दशकात तिथल्या डब्यांत ब्राझीलची रिळं सापडली. फोर्तालेझाचे कोळी, ते लग्न, ती अंत्ययात्रा, सगळं जसंच्या तसं. १० ऑक्टोबर १९८५ ला वेल्स वारला. त्याच्या राखेला दोन वर्षांनी स्पेनमधल्या रोंडा गावी, एका मित्राच्या शेतावर जागा मिळाली.

काम मार्गी लावलं ते रिचर्ड विल्सनने. हाच तो फोर्तालेझाच्या वाळूत वेल्ससोबत उभा असलेला सहायक. १९८६ साली त्याने सापडलेल्या रिळांमधून एक छोटी फिल्म दाखवली आणि पैसे गोळा करायला लागला. १९९१ साली तोही गेला. त्याच्या साथीदारांनी, मायरन माइझेल आणि बिल क्रोन यांनी, १९९३ साली डॉक्युमेंटरी पूर्ण केली. तिच्यात वेल्सच्या ब्राझीलवारीची सगळी हकीगत आहे, कार्निव्हलचे वाचलेले रंगीत तुकडे आहेत आणि चार कोळ्यांची गोष्ट जवळपास पूर्ण आहे. ब्राझीलमध्येही रोजेरिओ स्गान्झेर्ला नावाच्या दिग्दर्शकाने याच प्रकरणावर एकामागोमाग सिनेमे काढले.

वेल्सच्या सांबाच्या सिनेमाचा मोठा भाग आता कधीच बघायला मिळणार नाही. पण जे उरलं त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याला काम अर्धवट टाकणारा म्हणून आयुष्यभर हिणवलं, त्याने जाकारेच्या वाट्याचं शूटिंग पैसे, माणसं आणि स्टुडिओची साथ नसताना पूर्ण केलं होतं. डबे बंद करून ठेवले होते दुसऱ्यांनी.

आणि जाकारे? सिनेमासाठी मुकुरिपेच्या किनाऱ्यावरून पुन्हा एकदा तराफा पाण्यात ढकलला गेला तेव्हा त्यावर तो नव्हता. पण त्याने मागितलेला हक्क आणि त्यासाठी पार केलेला समुद्र ५० वर्षांनी का होईना, जगाने बघितला.